चित्रातल्या माळ्याचे नाव

घरोघरी भिंतीला चित्रे असतात. किराणा दुकानदाराने दिवाळीत दिलेले कॅलेंडर असते, पोरांनी कुठून तरी कापून चिकटवलेले रंगीत पान असते. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर तर आपल्या प्रत्येक घरात असतेच. पण तिच्या बाजूच्या खिळ्याला जे कॅलेंडर लटकते, त्यावर एक चित्र दर दोन-चार वर्षांनी फिरून येते. ते म्हणजे फुलबागेचे चित्र. गुलाबाचे ताटवे, मागे कौलारू बंगला, पलीकडे निळा डोंगर आणि एका कोपऱ्यात हातात झारी घेऊन वाकलेला माणूस. आपण ते चित्र वर्षभर पाहतो. दूधवाल्याचा हिशेब त्याच्याच खाली लिहितो. वर्ष संपताना कोणी विचारले की फुले कोणत्या रंगाची होती, तर लहान मूलही सांगेल. पण त्या वाकलेल्या माणसाचा चेहरा कसा होता, हे कोणालाच सांगता येणार नाही. कारण बहुतेक वेळा चित्रकाराने त्याला चेहरा दिलेलाच नसतो.

आम्ही देऊळघाटची माणसे. आमचे घर मजुरीवर चालते. फुलबाग म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर बंगला येत नाही, दुसऱ्याचे वावर येते. आमच्या मायने आयुष्याची कितीतरी वर्षे झेंडूच्या आणि शेवंतीच्या वावरात काढली. त्यामुळे त्या वाकलेल्या माणसाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

फुलांचे काम दिसायला नाजूक, पण करायला कठीण. दसऱ्याचा झेंडू धरायचा तर पावसाळ्यात रोपे लावावी लागतात. रोप जरा उभे राहिले की त्याचा शेंडा खुडतात. नवख्याला वाटते, वाढते झाड का मोडता? पण शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी फुले. त्यानंतर निंदणी. एक तण उपटावे तर मागून दुसरे उभे. दोन-अडीच महिन्यांत फूल हाती लागते. तोडणी उन्हाच्या आधी नाही तर ऊन उतरल्यावर. दवाने ओले झालेले फूल पोत्यात दाबून भरले तर आतून सडते, म्हणून त्याचा अंदाज घ्यावा लागतो. दिवसभर झेंडू तोडला की बोटे काळपट हिरवी होतात आणि तो उग्र वास भाकरीलाही लागतो. माय म्हणायची, "दसऱ्याले लोकायच्या दाराले तोरन, अन् आपल्या हाताले डाग." भाव पडला की हीच फुले बाजाराच्या कडेला टाकून द्यावी लागतात. तेव्हा वावरवाला रडतो, आणि मजुराचा रोज थकतो.

हे सगळे कॅलेंडरवरच्या चित्रात नसते. आम्ही त्याबद्दल चित्रकाराला दोष देत नाही. पण जुन्या-नव्या चित्रांत फुलांच्या मागचा माणूस कुठे दिसतो का, याचा शोध घ्यावा असे आमच्या मनात आले.

चित्राचा विषय निघाला की आमच्या भागातल्या माणसाला पहिल्यांदा अजिंठा आठवतो. अजिंठ्याची डोंगररांग आमच्या जिल्ह्यापर्यंत आलेली आहे. आमची पैनगंगा त्याच डोंगरात उगम पावते. मागे एकदा हिवाळ्यात वस्तीतल्या काही घरांनी वर्गणी काढून गाडी केली आणि आम्ही सगळे लेणी पाहून आलो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी आहे. त्याच्यापुढे सगळी माणसे गप्प उभी राहतात. आमची माय मात्र वर पाहत होती. छताला चौकटी पाडून त्यांत फुले, फळे, वेली, पशुपक्षी रंगवलेले आहेत. जवळजवळ दीड हजार वर्षे झाली, तरी कमळाची पाकळी अजून मिटलेली नाही. तिने विचारले, "एवढी फुलं लावली कोनं?" आम्ही म्हणालो, "माय, लावली नाहीत, काढली आहेत." ती म्हणाली, "लावल्याबिगर काढता येतात काय?"

तिचे म्हणणे आम्हाला पटले. ज्याने ती कमळे रंगवली, त्याने ती कुठल्या तरी तळ्यात, कोणाच्या तरी मेहनतीत पाहिली असणारच. त्या भिंती तरी कशा तयार झाल्या? दगडावर माती, भुसा आणि गवताचे तंतू कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग चढवले. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो दूर अफगाणिस्तानाकडून यायचा. माती-भुशाचा गिलावा ऐकून माय हसली. आपल्या घराची भिंत ती तशीच लिंपत आली आहे. सोळा क्रमांकाच्या लेण्यातला लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे नाव सांगतो. सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र या भिक्खूचे नाव आहे. दान देणाऱ्यांची नावे दगडावर राहिली, पण गिलावा कालवणाऱ्याचे आणि कमळ रंगवणाऱ्याचे नाव राहिले नाही.

पण सगळीकडे असेच घडले, असे म्हणता येणार नाही. रायगड जिल्ह्यातल्या कुडा येथील बौद्ध लेण्यांत ब्राह्मी लिपीतले जुने दानलेख आहेत. लेणी खोदवून दान देणाऱ्यांमध्ये तिथे मालाकाराचेही नाव कोरलेले आहे. मालाकार म्हणजे माळा करणारा, फुलांवर पोट भरणारा माणूस. राजा, मंत्री, व्यापारी यांच्या रांगेत त्या काळी फुलवाल्याने स्वतःच्या कमाईतून लेणे दिले आणि आपले व आपल्या बापाचे नाव दगडावर कोरून ठेवले. अक्षर वाचू शकणाऱ्याला ते नाव आजही वाचता येते. आपल्या पोरांना लेणी दाखवताना ही गोष्ट जरूर सांगावी. धम्माच्या दारात माळ्याचे फूल जसे घेतले गेले, तसे त्याचे नावही घेतले गेले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत सुमन माळ्याची गोष्ट आहे. विहारात वर्षावासात ती कधी कधी सांगितली जाते. राजगृहाचा सुमन बिंबिसार राजाला रोज सकाळी आठ नाळी जाईची फुले पोचवी आणि त्याबद्दल आठ कार्षापण घेई. एक दिवस फुले घेऊन जाताना वाटेत त्याला भगवान बुद्ध दिसले. राजाची फुले दुसऱ्याला दिली तर राजा मारील किंवा देशोधडीला लावील, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने ती सगळी फुले बुद्धाला वाहिली. घरी बायको घाबरली, भांडली, वेगळी व्हायला निघाली. राजाने मात्र त्याचा सन्मान केला. या गोष्टीतला चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. उरते ती साधी गोष्ट. रोज दुसऱ्याच्या हुकमाने फुले वाहणाऱ्या मजुराने एक दिवस आपल्या मर्जीने फुले दिली आणि त्याचा त्याला पश्चात्ताप झाला नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाबरोबर त्याच्या माळ्याचेही नाव आपल्याला माहीत असावे, ही साधी गोष्ट नव्हे.

आता खऱ्या बागेचे आणि बागेत राबणाऱ्यांचे एक नावाजलेले चित्र पाहू. ते अकबराच्या दरबारात सुमारे १५९० साली तयार झाले. अकबराचा आजोबा बाबर याच्या आत्मचरित्रासाठी ते काढलेले आहे. अफगाणिस्तानात जलालाबादजवळ बाबराने बाग-ए-वफा नावाची बाग करवून घेतली, तिचा हा देखावा. चार चौक, मधून पाण्याचे पाट, डाळिंबाची आणि संत्र्याची झाडे. बाबर उभा राहून हुकूम सोडतो आहे. एकाने नकाशा धरला आहे, दोघे दोरी ताणून माप घेत आहेत आणि काही जण फावड्याने माती ओढत आहेत. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बिशनदास आणि नान्हा या चित्रकारांची नावे त्यावर नोंदलेली आहेत. या चित्रकाराने फावडेवाल्याला झाकले नाही, त्याला चौकात आणून उभे केले, ही त्याची मोठी गोष्ट आहे. तरीही राजाचे नाव माहीत, चित्रकारांची नावे माहीत आणि ज्यांच्या फावड्याने बाग उभी राहिली त्यांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत.

याच्या अगदी उलट एक चित्र फ्रान्समधले आहे. पॉल सेझान हा तिथला थोर चित्रकार. एक्स या त्याच्या गावाबाहेर टेकडीवर त्याची चित्रे काढण्याची जागा होती. तिथल्या बागेची राखण आणि मशागत वालिए नावाचा म्हातारा माळी करी. आयुष्याच्या शेवटच्या काळात सेझानने या माळ्याची अनेक चित्रे काढली. ऑक्टोबर १९०६ मध्ये तो बाहेर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला, तासन्‌तास भिजला आणि त्याला धोब्याच्या गाडीत घालून घरी आणावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा सदुसष्ट वर्षांचा आजारी माणूस उठला आणि बागेत झाडाखाली वालिएचे चित्र पुरे करायला गेला. परत आला तो मरणाच्या दारात. आठवडाभरात तो गेला. त्या चित्रांपैकी एक लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात माळी काम करत नाही. डोक्यावर टोपी घालून, पायावर पाय टाकून तो निवांत बसला आहे. आयुष्यभर वाकलेल्या माणसाला चित्रकाराने बसायला सांगितले, त्याच्यासमोर तासन्‌तास उभे राहून त्याच्याकडे पाहिले आणि त्या चित्राचे नाव आहे ‘माळी वालिए’. आज जग ते नाव वाचते.

हे सगळे आम्ही घरात बोलत होतो, त्याला एक निमित्त होते. आमची पोरगी आठवीला असताना शासनाच्या एलिमेंटरी रेखाकला परीक्षेची तयारी करत होती. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. समोर काही न ठेवता आठवणीतून चित्र काढायचे. सरावासाठी तिला शाळेत विषय मिळाला, ‘फुलबागेत काम करणारा माळी’. तिने आपल्या आजीला काढले. लुगड्याचा पदर खोचलेला, डोक्याला फडके, हातात खुरपे, भोवती झेंडूची पिवळी-केशरी ओळ. बांधावरच्या लिंबाच्या झाडाला एक झोळी टांगलेली. आम्ही विचारले, "झोळीत कोन हाय व?" ती म्हणाली, "मीच हाय ना." तान्ही असताना तिला तशीच झोळीत घालून माय निंदायला बसत असे. ते तिने पाहिलेले नव्हते, पण घरात इतक्यांदा ऐकले होते की ते तिच्या आठवणीत जाऊन बसले होते.

चित्र परत आले तेव्हा त्यावर लाल शाईचा शेरा होता. ‘विषय नीट वाचावा. माळी दाखवावा.’ पोरगी हिरमुसली. आम्ही शाळेत जाऊन भेटलो. शिक्षकांनी आम्हाला बसायला सांगितले, नीट बोलले. त्यांचे म्हणणे असे की परीक्षेत तपासणाऱ्याला माळी एका नजरेत कळला पाहिजे. पागोटे, झारी, कुंड्या, मागे बंगला. "ही बाई शेतात काम करणारी मजूर वाटते," ते म्हणाले. पोरीचे गुण जाऊ नयेत, एवढाच त्यांचा हेतू होता.

घरी येताना आम्ही त्या वाक्याचा विचार करत होतो. माळी हा शब्द जातीचाही आहे आणि कामाचाही. फुलांची जमीन ज्याची, तो शेतकरी. बंगल्याची बाग जो पगारावर सांभाळतो, तो माळी. आणि तीच रोपे लावणारी, तोच शेंडा खुडणारी, तेच फूल तोडणारी आमची माय मात्र फक्त मजूर. रोजाच्या वहीतही ‘बाया चार’ असेच लिहिलेले असायचे. काम तेच असताना तिच्या वाट्याला कामाचे नावही आले नाही. मग चित्रातही तिला जागा नाही, याचे नवल कसले?

पोरीने आजीला चित्र दाखवले. माय पहिल्यांदा म्हणाली, "माह्यं चित्र कशाले काढतं व पोरी? फुलाचं काढ." मग तिने ते खिडकीच्या उजेडात धरले. चेहऱ्यावरून बोट फिरवले. "माह्यं नाक असं हाय काय?" सगळे हसलो. आजवर तिचा चेहरा कागदावर आला तो राशनकार्डावर आणि आधारकार्डावर, सरकारी कामासाठी. तिच्या कामात असताना तिला कोणी कधी पाहून कागदावर उतरवले नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंग खाली माह्यं नाव लिही." पोरीने ठळक अक्षरांत आजीचे पूर्ण नाव लिहिले. मायला सही करता येते, वाचायला फारसे येत नाही. पण आपले नाव ती ओळखते.

पोरीने पुढे शहाणपणाने वाट काढली. परीक्षेला असा विषय आलाच तर झारीही काढायची आणि कुंड्याही काढायच्या, पण काम करणारी बाईच असेल आणि तिला चेहरा असेल, असे तिने ठरवून टाकले. विषय दुसराच आला. ती ‘बी’ श्रेणीत पास झाली. लाल शेऱ्याचे ते चित्र आम्ही मोडीत घातले नाही, शेऱ्यासकट जपून ठेवले आहे.

या निमित्ताने आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. आमच्या वस्तीतल्या पोरांना बाग काढायला सांगितली की ती कॅलेंडर पाहून काढतात. कारण बाग त्यांनी घराजवळ पाहिलेलीच नसते. फुलबागेला सगळ्यात आधी लागते ते पाणी. जिथे पिण्याच्या दोन हंड्यांसाठी बाई रांगेत उभी राहते, तिथे गुलाबाला पाणी कोण घालणार? बुलढाण्याच्या घाटावर उन्हाळा कसा जातो, ते आम्ही नव्याने सांगायला नको. आपल्या समाजाला तर पाण्याची गोष्ट फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून ते फुले झाले. पेशव्यांना फुले पुरवणाऱ्या घरातल्या या माणसाने १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. फुलांच्या घरात जन्मलेल्याला पाण्याची किंमत कळली होती. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. दारात फुलझाड लावणे ही आज आपल्याला साधी हौस वाटते. पण एका बादलीचे पाणी झाडाला घालता येणे, यामागे एवढा मोठा लढा आहे.

बाबासाहेबांना स्वतःला बागेची आवड होती आणि उतारवयात त्यांनी चित्रकलेचेही धडे घेतले. एवढ्या कामाच्या रगाड्यात त्यांनी हाती कुंचला धरला. त्यांनी काढलेल्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मिटल्या डोळ्यांचा बुद्ध पाहायची सवय झालेल्यांना त्यांनी जगाकडे पाहणारा बुद्ध दाखवला. चित्र काढणे म्हणजे आधी नीट पाहणे. जो माणूस रोज समोर असून दिसत नाही, तो चित्र काढायला बसले की दिसू लागतो. आमच्या पोरीला आजी अशीच दिसली.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. पोरगा किंवा पोरगी चित्र काढत बसली तर "अभ्यास सोडून काय रेघोट्या ओढतो" असे म्हणू नका. दहा-वीस रुपयांची रंगपेटी आणि चार कोरे कागद ही उधळपट्टी नव्हे. तिला सांगा की बंगल्याची बाग काढायची तर खुशाल काढ, पण एकदा आपल्या घरातल्या माणसांना त्यांच्या कामात काढ. वीटभट्टीवरचा काका, सडक झाडणारी मावशी, कापूस वेचणारी वहिनी, झेंडू तोडणारी आजी. त्यांना चेहरा दे, आणि खाली नाव लिही. वस्तीतल्या पोरांची अशी चित्रे जयंतीला विहाराच्या भिंतीवर दोन दिवस लावता येतील. त्याला फार खर्च येत नाही. सुतळी आणि चिमटे पुरतात. ज्यांची चित्रे असतील त्या माणसांना पहिल्या रांगेत बसवा. बहुतेकांनी आपले नाव असे भिंतीवर कधी पाहिलेले नसेल.

आणि पाणी पुरत असेल तर दारात एक तरी फुलझाड लावा. भांडी विसळलेले पाणी चुलीच्या राखेसकट चालते. त्याला झेंडूची कुरकुर नसते. पावसाळ्याच्या सुरुवातीला जुन्या वाळल्या फुलातले बी टाकले तरी पुष्कळ उगवते. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडायला विसरू नका. तो कसा आणि कुठून खुडायचा, हे पुस्तकात शोधत बसू नका. घरात किंवा शेजारी फुलांच्या वावरात राबलेली एखादी म्हातारी असेल. तिला बोलवा, खाटेवर बसवा, चहा द्या आणि तिलाच विचारा.